हॉलिस फेरीचा अर्धमुका ऑर्गन

१

शनिवारी सकाळी हॉलिस फेरी गावच्या संग्रहालयातले काचेचे कपाट उघडे सापडले. आतल्या मखमलीवर माहितीची चिठ्ठी होती, कागद धरून ठेवणारे पितळी चिमटे होते. गाण्याचा छापील कागद मात्र नव्हता.

मी पोहोचले तेव्हा कपाटापुढे तिघे उभे होते. संग्रहालय सांभाळणारी कॅरोलिन हॅच, हायस्कूलचे मुख्याध्यापक व्हिटलॉक आणि उत्सव समितीचा अध्यक्ष डॉक्टर सुमंत दामले. सुमंत आमच्यातला. माझे यजमान डॉक्टर दिगंबर आगाशे यांनी त्याला साहाय्यक म्हणून या गावात आणले, तेव्हा इलिनॉयमधला पहिला हिवाळा त्याने माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या हातचे जेवून काढला होता.

"एवढंच नाही, मिसेस आगाशे," कॅरोलिन म्हणाली. "हेही ऐका."

ती कोपऱ्यातल्या जुन्या ऑर्गनपाशी बसली, पायटे दाबू लागली आणि तिने पट्ट्यांवरून बोटे फिरवली. डावीकडचे सूर नेहमीसारखे भरदार आले. उजवीकडे बोटे सरकली आणि सूर विरत गेले. तिथे पट्ट्यांची नुसती लाकडी टकटक उरली.

"काल तालमीनंतर दार कोणी बंद केलं?" व्हिटलॉकनी विचारले. उत्तर त्यांना ठाऊक होते, हे त्यांच्या आवाजावरून स्पष्ट कळत होते.

"मिस्टर टिब्जनी."

रेमंड टिब्ज हे त्यांच्याच शाळेतले संगीत शिक्षक, गावातल्या मोजक्या कृष्णवर्णीयांपैकी एक. नाहीशा झालेल्या गाण्यावरून ते समितीशी भांडले होते, हे गावात सर्वांना माहीत होते.

"सोमवारी त्यांच्या नेमणुकीचा विषय शाळेच्या बोर्डापुढे आहेच," व्हिटलॉक म्हणाले. "हेही त्यात घेऊ. गावाच्या वस्तू चोरणारा, वाद्य बिघडवणारा माणूस मुलांसमोर उभा राहू शकत नाही."

उपाहारगृहात सूप मागवावे तितक्या सहज त्यांनी एका माणसाच्या पोटावर पाय दिला. मला शिसारी आली. सुमंत खिडकीबाहेर पाहत होता.

"उद्या दुपारपर्यंत कोणीही पोलिसांना फोन करायचा नाही," मी म्हणाले. "हा ऑर्गन मी वाजवते. आधी मी बघेन."

या गावात मला सहसा कोणी नाही म्हणत नाही. तिघेही बाहेर गेले.

२

प्रथम त्या गाण्याविषयी सांगते, कारण त्याच्यावाचून या घाणीचा उगम कळणार नाही.

हे गाव वसल्याला त्या वर्षी, म्हणजे २००४ साली, दीडशे वर्षे होत होती. त्यासाठी रविवारी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला होता. एकोणिसाव्या शतकात नदीकाठच्या अशा गावांत ग्रामोफोन नव्हता, रेडिओ नव्हता. गाणे म्हणजे दिवाणखान्यात सर्वांनी मिळून म्हणायची गोष्ट. कापडाच्या दुकानातच गाण्यांचे छापील कागद विकत मिळत. घरच्या मुली ते जमवत आणि लग्नाच्या सुमारास एकत्र बांधून घेत. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत स्वतःचे नाव. कॅरोलिनच्या पणजीची अशी वही संग्रहालयात आहे. मी ती पहिल्यांदा चाळली तेव्हा अर्ध्यातच मिटली होती. मेलेल्या बाळासाठी आईने रडायचे गाणे, त्याच्या पाठीला पाठ लावून गुलामांची टिंगल, पुढच्या पानावर दारूबंदीचे भजन. त्या सोज्वळ मुली एकाच बैठकीत, त्याच नाजूक बोटांनी, हे तिन्ही वाजवत असत.

त्या टिंगलीच्या गाण्यांपैकी एक म्हणजे 'फेरीवरचा सायरस'. गावाने त्याचे धुऊनपुसून बालगीत केले. बालवाडीपासून सारी मुले ते टाळ्या वाजवत म्हणतात. मुखपृष्ठ मात्र धुता येत नाही. जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासलेले गोरे नट, सुजवलेले ओठ, बटबटीत डोळे. वहीचा दोरा कुजल्यामुळे तो कागद सुटा झाला होता, आणि रेमंड टिब्जनी सबंध महिनाभर समितीशी वाद घालून तो काचेच्या कपाटात ठेवायला लावला होता. गाणे गायचे असेल तर त्याचा चेहराही गावाने पाहावा, असे त्यांचे म्हणणे होते.

मी ऑर्गनपाशी बसले. आमच्या संगीत नाटकांत ज्या जातीचा ऑर्गन असे, त्याच जातीचे हे वाद्य. आम्ही घेतलेल्या घराच्या दिवाणखान्यात ते पडून होते. मी दुरुस्त करवून घेतले, शिकले आणि यजमान गेल्यावर संग्रहालयाला दिले. त्याच्या सगळ्या खोडी मला पाठ आहेत.

पायटे दाबत मी उजवीकडचे सूर एकेक करून तपासले. एकाच जागचे सगळेच मुके. कोणी मोडतोड केली असती तर एखादा सूर फाटका, एखादा बेसूर आला असता. हे तसे नव्हते. कोणीतरी तोंडावर हात ठेवावा तसे ते गप्प होते.

मी पाय उचलले. भाता निवला, आणि त्याच क्षणी वाद्याच्या आत काहीतरी सळसळत खाली घसरले.

३

मागची फळी लाकडी खिट्ट्यांवर असते. मी ती काढली. सुरांच्या खोबण्यांशी टेकून, घडी न घालता, कोपरासुद्धा न दुमडता, सायरसचा कागद उभा होता.

म्हणजे चोरी आणि बिघाड या दोन गोष्टी नव्हत्याच. कागद आत लपवला गेला आणि कागदामुळे सूर बसले. आता हे बाहेर जाऊन सांगितले की झाले, असे एखाद्याला वाटेल. मी तसे केले नाही. दार शेवटी टिब्जनी लावले होते. कागद ऑर्गनमध्ये सापडला असे कळताच व्हिटलॉक म्हणाले असते, बघा, एका हाताने दोन्ही कामे केली. कोणी ठेवला हे कळेपर्यंत तो सापडला हे कळून उपयोग नव्हता. मी कागद माझ्या फोल्डरमध्ये घातला आणि कॅरोलिनला आत बोलावले.

संग्रहालयाच्या आणि त्या कपाटाच्या किल्ल्या चौघांकडे होत्या: ती, टिब्ज, सुमंत आणि मी.

"तुला तो कागद कपाटात नको होता," मी म्हणाले.

"नको होता. वहीवर माझ्या पणजीचं नाव आहे, मिसेस आगाशे. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. लोकांनी तिच्या नावाखाली ते तोंड बघायचं?"

"तिने ते पैसे देऊन विकत घेतलं होतं, कॅरोलिन."

तिने रिकाम्या कपाटाचे दार लोटून बंद केले. मग म्हणाली, "पण मी घेतला नाही. आणि ऑर्गनला तर मी हातही लावला नसता. वर्षानुवर्षं त्याची धूळ मीच काढते. पियानोवर धूळ नुसती बसते. हा सगळी आत ओढून घेतो. मागच्या बाजूला तर कापूस धरला तरी चिकटतो. मिस्टर टिब्जना विचारा. लहानपणी चर्चमधला ऑर्गन ते कसा गप्प करायचे, ते त्यांनी स्वतःच गायकांना हसत सांगितलं होतं."

४

टिब्ज शाळेच्या बँडच्या खोलीत होते. कर्णे पुसून खोक्यांत भरत होते, सोमवारचा निकाल लागून गेल्यासारखे.

"तुम्हीही विचारायला आलात?"

"विचारायला आले आहे. ठरवून आलेली नाही. ऑर्गन गप्प करण्याची तुमची युक्ती काय होती?"

त्यांनी कर्णा खाली ठेवला. "आजीच्या चर्चमध्ये. प्रवचन लांबलं की मी मागे जाऊन फळीच्या फटीतून ओला रुमाल आत सोडायचो. वाद्य तो स्वतःच ओढून घ्यायचं. आजीने मला त्यासाठी फटकावलंही आहे. हे मी तालमीत सांगितलं, गंमत म्हणून. आता ती गंमत राहिलेली नाही, हे मला कळतंय."

"मुलं त्या गाण्यात टाळ्या वाजवून बुडबुडे मोजतात. ते काय आहे?"

"तुम्ही आतली कडवी वाचली नाहीत?"

"मुखपृष्ठाच्या पुढे माझा हात गेला नाही."

"सायरस पुरात बुडतो. काठावरचे लोक त्याला वाचवत नाहीत, बुडबुडे मोजतात. मजा म्हणून." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "माझी मुलगी बालवाडीत ते शिकून आली. घरी येऊन मला टाळ्या वाजवून दाखवलं तिने. मी तो कागद लपवीन, मिसेस आगाशे? मला तर तो गावच्या पाण्याच्या टाकीवर चिकटवायचा होता."

समोरच्या खोक्याचे झाकण मी लावले.

"नोकरी गेली तर?"

"चोर म्हणून गेली तर पुढची मिळणार नाही. एवढंच."

बाहेर येऊन मी गाडीत बसले, पण किल्ली फिरवली नाही. किल्ली असलेल्यांपैकी, माझ्याखेरीज, ज्यांना वाद्य ठाऊक होते असे दोघे जण, आणि दोघांनाही नेमके हेच ठाऊक होते की ते मागून ओढते. ज्याला कागद जपून लपवायचा आहे, तो जाणूनबुजून अशा तोंडापाशी ठेवील काय? आणि ज्याला वाद्याची काहीच माहिती नाही, तो खाली पायट्यांमागच्या ऐसपैस रिकाम्या जागेत सरकवून मोकळा होईल. खिट्ट्या काढून वरची जागा शोधायची तसदी घेणार नाही. तेव्हा ज्याने हे केले त्याला वाद्याच्या आतल्या वाऱ्याची माहिती होती. फक्त ती माहिती उलटी होती.

अशी उलटी माहिती असणारी माणसे या गावात किती, हे मोजायला बोटेही लागत नव्हती. मी गाडी सुमंतच्या घराकडे वळवली.

५

दार नीलाने उघडले. सुमंतची बायको, साधी, बोलकी, मनात काही न ठेवणारी.

"वहिनी, या ना. चहा टाकतेच आहे. ह्यांचा उद्याचा सूट अजून ड्रायक्लीनिंगमधून पिकअप करायचाय, सगळा गोंधळ आहे नुसता."

सुमंत बैठकीत होता. त्याच्या शेजारी गालिच्यावर मखमली खोळ घातलेली हातपेटी होती. शिकागोतल्या मंडळात नाट्यगीतांना साथ त्याचीच असते. डेव्हन ॲव्हेन्यूवर कुठल्या दुकानात पेटीचा भाता नीट करून मिळतो, हे त्यालाच विचारतात.

"काही कळलं का, वहिनी? ऑर्गन होत नसेल तर मी आपला कीबोर्ड अरेंज करतो. प्रोग्रॅम कॅन्सल नको व्हायला. पीओरियाहून टीव्हीवाले येतायत."

"सुमंत, पेटीच्या आत एखादा कागद ठेवायचा झाला तर कुठे ठेवावा?"

तो उत्तर देण्याआधीच नीला चहाचा ट्रे घेऊन आली.

"वरती की, वहिनी. हे नेहमी तिथेच ठेवतात, गणपतीच्या प्रोग्रॅमला गाण्यांचे कागद तिथेच होते. मला तर सारखं बजावतात, खाली भात्याशी काही ठेवू नकोस, तो ओढून घेतो. वर हवा बाहेर पडते, कागद फार तर थरथरेल, अडकणार नाही. हो ना हो?"

सुमंतने 'हो' म्हटले नाही. नीलाने हातातला ट्रे खाली ठेवला नाही.

"आपली पेटी श्वास बाहेर टाकते," मी म्हणाले. "भाता हवा कोंडतो आणि ती सुरांतून वर निघते. हा अमेरिकन ऑर्गन श्वास आत घेतो. त्याचा भाता सुरांच्या वाटेने हवा खाली ओढतो. पेटीवाल्याला जी जागा सर्वांत सुरक्षित वाटेल, तेच याचं नाक. कॅरोलिनला हे माहीत आहे, टिब्जना माहीत आहे. ही चूक या गावात पेटीच्या हाताचा माणूसच करील. असे आपण दोघे आहोत, आणि मी हे वाद्य तीस वर्षं वाजवते आहे."

"वहिनी, हा तर तुमचा अंदाज झाला."

"तू खिट्ट्या काढून, कागदाचा कोपराही न दुमडता तो आत उभा केलास. पायट्यांमागे जागा होती. लिहिलेला कागद पायाशी ठेवायला तुझा हात धजला नाही, एवढे संस्कार शिल्लक आहेत. आता नाही म्हण. नीलासमोर म्हण."

सुमंतने चष्मा काढला.

"तो म्युझियमच्या बाहेर गेलाच नाही, वहिनी. सोमवारी मी स्वतः कपाटात परत ठेवणार होतो. चोरी कसली? फक्त एक दिवस तो दिसायला नको होता. टिब्ज त्या कव्हरपुढे कॅमेऱ्यासमोर बोलणार, मग सगळे विचारणार, चेअरमन कोण? दामले. म्हणजे गावाचं नाव घालवलं कोणी? त्या ब्राऊन डॉक्टरनं. तुम्ही विसरलात का, न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यावर माझ्या क्लिनिकच्या काचेवर काय लिहिलं होतं ते?"

"विसरले नाही. ती काच पुसायला माझ्याबरोबर कोण आलं होतं?"

त्याने चष्मा पुन्हा लावला. उत्तर नीलाने दिले.

"रेमंड आला होता. बादली घेऊन."

"सकाळी व्हिटलॉक बोलत होते तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास," मी म्हणाले. "कागद लपवलास ते भित्रेपण. ते मी समजू शकते. पण दुसऱ्याचं नाव निघाल्यावर तू जे गिळून बसलास, त्याची मला किळस येते, सुमंत. माझ्या ताटात जेवलेल्या माणसाची किळस येण्याची वेळ माझ्यावर आली."

"उद्या मी सांगेन कागद सापडला म्हणून. प्रॉमिस."

"कोणी ठेवला, ते सांगशील."

त्याने मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती खाली गेली होती, ते मला कळले नाही. मी चहा न घेता उठले. नीला दारापर्यंत पोहोचवायला आली नाही.

६

रविवारी गावचे सभागृह भरले होते. पुढच्या रांगेत बोर्डाचे लोक आणि व्हिटलॉक. कॅमेरेवाले कडेला. टिब्ज अगदी मागे, भिंतीशी उभे. कागद मी सकाळीच कॅरोलिनच्या हवाली केला होता. काही न विचारता तिने तो कपाटात परत लावला आणि ऑर्गनपाठोपाठ कपाटही रंगमंचाच्या कडेला आणवले. गायकवृंद माझ्यामागे उभा होता. वृंदाची सूत्रधार कॅरोलिनच.

नव्या सुटातला सुमंत माइकपाशी आला. गावाचे आभार, पूर्वजांचे आभार, देशाचे आभार. मग तो म्हणाला, "आणि एक आनंदाची बातमी. हरवलेला कागद सापडला आहे. तो चुकून ऑर्गनच्या आत राहिला होता."

टाळ्या पडल्या. व्हिटलॉक शेजाऱ्याकडे झुकून काही बोलले आणि दोघांनी मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिले. नेमके हेच होणार होते. 'चुकून' या शब्दाच्या आडोशाला सुमंत सुखरूप बसला होता आणि आडोशाबाहेर टिब्ज उभे होते.

कॅरोलिनने हात वर केला. वृंदाने श्वास घेतला. मी पायट्यांवरून पाय काढले आणि जमिनीवर जोडून ठेवले. हात मांडीवर.

कॅरोलिनचा हात वरच राहिला. कोणीतरी खोकले. कॅरोलिनने माझ्याकडे पाहिले. मी सुमंतकडे पाहत होते. लोकही हळूहळू त्याच्याकडे पाहू लागले.

"सुमंत," मी मराठीत म्हणाले, "कोणी ठेवला ते सांग. तोवर या वाद्यातून सूर निघणार नाही. मी संध्याकाळपर्यंत बसू शकते."

शब्द कोणाला कळले नसतील. सूर सगळ्यांना कळला असावा. तिसऱ्या रांगेत बसलेली नीला मांडीवरच्या पर्सचा बंद आवळून एकटक नवऱ्याकडे पाहत होती. त्यानेही तिला पाहिले. ती हसली नाही, मान हलवली नाही, नजरही काढून घेतली नाही.

तो माइककडे वळला.

"मी ठेवला," तो इंग्रजीत म्हणाला. "लोकांनी तो बघू नये म्हणून मी लपवला. ऑर्गन त्यामुळे बंद पडला. मिस्टर टिब्जना यातलं काही माहीत नव्हतं, आणि काल त्यांच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो."

टाळ्या पडल्या नाहीत. तो माइकपासून दूर झाला आणि बसायला खुर्ची शोधू लागला. कडेला दोन रिकाम्या होत्या, त्यातली एकही त्याला दिसेना.

टिब्ज मधल्या वाटेने पुढे आले. कॅरोलिनने क्षणभर कपाटासमोर वाट अडवल्यासारखे केले, मग स्वतःच किल्ली फिरवली. त्यांनी कागद दोन्ही हातांनी कडांवर धरून उंच केला आणि सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश दाखवला. मग तो उघडून त्यांनी सारी कडवी वाचली. गायली नाहीत; चाल न लावता, बाजारभाव वाचावेत तशी वाचली. पूर, काठावरचे लोक, बुडबुडे. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने सवयीने टाळीसाठी हात उचलले होते; तिच्या आईने ते धरून खाली ओढले.

"हे गाणार आहात का?" टिब्जनी विचारले.

कॅरोलिनने आपली गाण्यांची फाईल मिटली. मागे वृंदातल्या फायली एकामागून एक मिटल्याचे आवाज आले. एका बाईने मात्र हलक्या आवाजात शेजारणीला म्हटले की चाल किती गोड होती, फुकट गेली. ते मी ऐकले, आणि या गावावरचा माझा उरलासुरला राग पुन्हा ताजा झाला.

व्हिटलॉक उठले. ते पायऱ्या चढून वर आले, चेहऱ्यावर कालचा मागमूसही नाही.

"माझा तर कधी विश्वासच बसला नव्हता, रेमंड," ते कॅमेऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "सोमवारची काळजी करू नका. ते आता झालंच समजा."

आणि त्यांनी हात पुढे केला.

टिब्ज यांच्या दोन्ही हातांत तो कागद होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही.